सात वाफे, एकटीने

प्रिय यांगडोल,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. 'आमा-ले, गुडघा कसा आहे? आमा-ले, जेवलात का?' एवढं विचारतेस आणि हॉटेलातून कुणी हाक मारली की ठेवून देतेस. म्हणून हे पत्र लेहला निघालेल्या गाडीवाल्याच्या हाती देतेय. सावकाश बसून वाच.

बागेत यंदा सात वाफे झालेत. आपला जिग्मेत वारल्यावर संडासाखालच्या खोलीचं दार उघडायचा तुलाही धीर झाला नाही, मलाही नाही. तिथे पडून साठलेलं खत काढणं हे त्याचं काम. गाणी म्हणत टोपल्या वाहायचा आणि वास येतो म्हणून तू त्याला चहा अंगणातच द्यायचीस. मग तू लेहला हॉटेलात कामाला गेलीस. गेल्या वसंतात मी एकटीनं ते दार उघडलं, पण घाई नडली. वरवरचं कच्चं खत वाफ्यात घातलं आणि मुळ्याची रोपं आठवड्यात पिवळी पडून जळाली. शेजारचे म्हातारे मेमे इशे भिंतीवरून म्हणाले, "कुन्झेस, पुरे आता. बाजारात भाजी मिळते. लेक नाही, सून नाही, कुणासाठी मरतेस?" मी आत येऊन रडले. तुला कळू दिलं नाही.

मग जूनमध्ये मी संडासाच्या दोन भोकांपैकी एकावर फळी ठोकली आणि तेव्हापासून दुसरंच वापरलं. बंद ढिगात राख, माती, शेळ्यांच्या लेंड्या घालत गेले, उन्हाळ्यात दोनदा खालीवर केला. या एप्रिलमध्ये दार उघडलं तर वास कसला, नुसता मातीचा! मुठीत धरलं तर भाजलेल्या सातूच्या पिठासारखं भुरभुरलं. गुडघा पूर्ण टोपली पेलत नाही, म्हणून अर्धी अर्धी भरली. जिग्मेतचं एका दिवसाचं काम, मला पाच दिवस लागले. लागू देत. माझ्या पाळीचं पाटाचं पाणी फिरवलं, वाफसा आल्यावर खणलं, ढेकळं फोडली, खत पसरून दाताळ्यानं मातीत मिसळलं.

मेमे इशे पुन्हा भिंतीशी हजर. "अगं, एवढं खाणार कोण?" म्हटलं, "तुम्ही या. येताना दात तेवढे आणा!" दुसऱ्या दिवशी स्वतःच रिकामी टोपली घेऊन आले. "थोडं खत देतेस का?" पेरणी उरकेपर्यंत मी त्यांना ताटकळत ठेवलं, मग दिलं. पालक, मुळा, सलगम, गाजर, सगळं पेरलं. नवव्या दिवशी मुळा वर आला, ओळ न् ओळ. सलगम जरा विरळ आहे, ते माझ्याच हाताचं चुकलं.

आता मूळ गोष्ट. गेल्या जूनमध्ये तुझी मावशी सांगून गेली की तुमच्या हॉटेलाशेजारच्या पावाच्या भट्टीवाल्या नवांगनं तुला दोनदा लग्नाचं विचारलं आणि दोन्ही वेळा तू नाही म्हणालीस. 'आमा-ले एकट्या कशा राहतील?' हे तुझं कारण. खोटं बोलत नाही, ऐकून मला आधी रागच आला. माझ्या लेकाची जागा कुणी घ्यावी? त्या दिवशी जेवण गेलं नाही. सकाळी मात्र माझीच मला लाज वाटली. तीस वर्षांची पोर माझ्या गुडघ्याला बांधून ठेवायची का? पण नुसतं 'राहीन मी' म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस, आणि राहता येतं की नाही हे मलाही ठाऊक नव्हतं. फळी ठोकली ती त्याच दुपारी. वर्ष होत आलं, आणि आता ठाऊक आहे. नवांगला हो म्हण. त्याला इकडे घेऊन ये. जिग्मेतची थाळी मी कुणाला देणार नाही, त्याच्यासाठी नवी आणलीय. आणि लग्नात मला सासू म्हणून कोपऱ्यात बसवू नकोस. मी मुलीची आई म्हणून पुढे बसणार आहे.

तुझीच,
आमा