पंपाचा भाग

अब्बासिया, कुवेत
ता. ७ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. द्वारकावहिनीस,
शैलेशचा साष्टांग नमस्कार.

इकडे मी बरा आहे. खोलीतले आम्ही सहाजण आळीपाळीने जेवण करतो. काल माझी पाळी होती. बांगड्याचं तिखलं केलं, तिरफळं तू दिलेलीच. जुईलीची सहामाही कशी गेली? दादाच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का?

हे फोनवर विचारता आलं असतं, असं तू म्हणशील. पण तू ‘भावजी, बरे आसास मां?’ म्हणालीस की मी लगेच जुईलीला फोन द्यायला सांगतो. महिनाभर हेच चाललं आहे.

परवा तू रडत म्हणालीस, “ह्यांच्या हातात ती अवदसा कोणी दिल्यान, तेचा नाव माका कळूक व्हया. तेचे हात झडांदेत.” मी नुसता हं हं करत राहिलो. वहिनी, तो मी. ती बंदूक मी इथे लेथवर बनवली.

आबांची बंदूक निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा केली आणि त्यातच आबा गेले, हे तुला ठाऊक आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना आपल्या नावावर व्हावा म्हणून दादा तीन वर्षं तालुक्याला खेपा घालत होता. दर वेळी एक कागद कमी पडायचा. इकडे डुकरं लोंब्या धरलेलं भात तुडवून जायची. मला चीड आली. सरकारला डुकरांची काळजी, आपल्या हक्काचं काय, असं मी जेवताना मोठ्याने बोलायचो. इथे विनापरवाना हत्यार सापडलं तर आधी तुरुंग आणि मग हद्दपारी, हे माहीत असूनही बोलायचो. शेवटी दादाला म्हटलं, तू थांब, मी करतो काहीतरी. तो नको म्हणत होता. हेही तुला कळायला हवं.

कारखान्यात फोरमन अशरफभाई माझ्यावर विश्वासून जायचे. त्यांच्या माघारी मी एकेक भाग केला. घरी जाणाऱ्याच्या बॅगेत दोन किलो सामान द्यायचं, ही आमची इथली रीत. कुणी विचारत नाही, कुणी उघडून बघत नाही. तीन रजांत, तीन बॅगांतून ते भाग गावी गेले. दोन माझ्या बॅगेतून. नळी मात्र खोलीतल्या शंकरच्या बॅगेतून, जुईलीसाठी घेतलेल्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून. त्याला सांगितलं, विहिरीच्या पंपाचा भाग आहे. स्वतःला सांगितलं, सुटा भाग म्हणजे काही बंदूक नव्हे. आता दादाचा वकील सांगतो की कायदा सुट्या भागालाही बंदूकच म्हणतो.

इथवर लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. एवढ्यावर थांबलो असतो तर तू कदाचित माफही केलं असतंस.

ती नळी भंगारातली होती. आत केसाएवढी रेघ होती. मी ती पाहिली होती, वहिनी. पंपाच्या कामात अशी रेघ दिसली असती तर मी तो माल बाजूला टाकला असता, अशरफभाईंनी मला तेच शिकवलंय. पण शंकर दुसऱ्या दिवशी निघणार होता. डुकरांना भिववायला तर हवी, असं म्हणून मी ती गुंडाळली. आबांच्या बंदुकीची नळी परवान्याच्या वेळी कुणीतरी तपासायचा आणि मी त्याला छळ म्हणायचो. माझी नळी तपासणारा मी एकटाच होतो.

बार काढताना नळी फुटली, दादाचा डोळा आणि दोन बोटं त्या रेघेने नेली. आणि दादा पोलिसांना सांगतो की बंदूक त्यानेच केली. ज्याला सायकलची साखळी बसवता येत नाही, तो. माझी नोकरी जाऊ नये म्हणून.

आज शंकरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “माझी पोरां घरी त्याच ब्लँकेटावर बसली होती रे.” रविवारी तो गावी निघतोय. हे पत्र नेईन म्हणाला, पण पाकीट उघडं ठेवायचं आणि आधी त्याला वाचून दाखवायचं, या अटीवर. त्याचं बरोबर आहे.

तू हे वाचलंस की दादाला न विचारता वकिलाकडे दे. विचारलंस तर तो फाडून टाकील. आरोपपत्र जायच्या आत ते पोचायला हवं. मुदीरला, म्हणजे इथल्या मॅनेजरला, राजीनामा दिलाय, कंपनी महिनाअखेरीस सोडते आहे. मी विमानतळावरून घरी येणार नाही, सरळ ठाण्यात जाईन. तिकडे येऊ नकोस. आणि माझे हात झडावेत असं म्हणाली होतीस, ते मागे घेऊ नकोस.

आबांची बंदूक दादाच्या नावावर काही झाली नाही. ही माझ्या नावावर करून घ्यायला येतोय.

शैलेश