बेज्जूरचे वाघ

आदिलाबाद, गुरुवार, संध्याकाळचे सात

आजही तेच. मोबाइलवर ‘वाघ बेज्जूर’ टाकलं, की जंगलखात्याचा फोटो. ओल्या मातीत उमटलेला पंजा, शेजारी मापाला ठेवलेली काडेपेटी. आमचे वाघ माणसं आहेत, हे याला कोण सांगणार?

बाबांचे धाकटे काका तरुणपणी बेज्जूरकडे मजुरीला गेले, ते परतलेच नाहीत. त्यांची लेकरं तिकडे असतील, हा बाबांचा ध्यास.

“सापडलं काय कोनी?”

“शोधून राह्यलो, बाबा.”

“मंग रोज काडेपेटीच काऊन दाखवतं?”

चिडलोच मी. उगाच चिडलो.

काकांची नातवंडं माझ्यासारखी मास्तर झाली असतील, म्हणून तिकडच्या शिक्षकांची यादी उघडली. इथल्या रीतीप्रमाणे आडनावाचं फक्त पहिलं इंग्रजी अक्षर. डब्ल्यू. राजू, डब्ल्यू. सुनीता. हे वाघ की वानखेडे, कसं कळावं?

मग आमच्या शाळेची यादी पाहिली. मीही तिथे डब्ल्यू. दिलीप. इतकी वर्षं त्याच नावाने सही करतोय, कधी खटकलंही नाही.

तिकडून कोणी आम्हाला शोधत असेल, तर त्यालाही ती काडेपेटीच दिसत असेल.