आतोबांच्या विहिरीची कॉफी

ती. पोशी आत्या,

खोडाळ्याहून तुझा भाचा हेमंत याचा वाकून नमस्कार. कल्याणात लेकीकडे गुडघे कसे आहेत? चंदनाताईच्या घराचे जिने चढताना अजून देवाचं नाव घेतेस की आता ताईचं? इकडे नागली झोडून झाली, म्हैस व्याली, सगळे बरे आहेत. म्हणजे जिवंत आहेत ते तरी बरे आहेत. बाकीच्यांबद्दल लिहायलाच बसलो आहे. (फोनवर तू "पुढं बोल, पुढं बोल" करतेस, म्हणून पत्र.)

ठाण्याच्या कॉफीच्या दुकानातली नोकरी सोडून मी तुझ्या शेताच्या कडेला टपरी टाकली, हे तुला माहीत आहेच. पावडर ठाण्याचीच, हातही तोच, पण पहिल्या दिवसापासून चव बिघडली. बोअरचं पाणी जड; किटलीच्या तळाला पांढरा थर धरायचा आणि कॉफी पाटीवरचा खडू चाटल्यासारखी लागते म्हणून गिऱ्हाईक तोंड वाकडं करायचं. मग बाटलीबंद पाणी आणलं. त्यातलं सगळंच काढून टाकलेलं, कॉफी आंबट आणि पोकळ झाली. (पाण्यात थोडी माती-दगडाची चव उरावी लागते, हे ठाण्यात शिकवत होते. मी तेव्हा कप विसळत होतो.) शेवटी आतोबांनी खणलेल्या विहिरीवरचे, ते गेल्यावर तू घातलेले पत्रे काढले. (ताईला फोनवर विचारलं होतं. ती "हं" म्हणाली. मला म्हणाली की तिच्या पोराला, देव जाणे.)

आत्या, त्या पाण्याची कॉफी अशी उतरली की नाशिकचे लोक दुसरा कप मागू लागले. पण दोन घोट झाले की बाकावरची माणसं हळूच सरकायची, कुणी वडीलधारं आलं की सरकतात तशी. कडेची जागा रिकामी. तेही भर दुपारी, लख्ख उन्हात! मला वाटलं, खिळा वर आला असेल. हातोडी घेऊन बसलो. खिळा नव्हता, पण सगळा बाक तापलेला असताना तेवढीच फळी गार लागली. एका बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अहो, ते आजोबा बसलेत ना!" डोक्याला टॉवेल, डावा हात कानामागे, नजर रस्त्याकडे. बाई नाशिकच्या. आतोबांना त्यांनी कुठून पाहिलं असणार?

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मुद्दाम बोअरच्या पाण्याची कॉफी दिली. कुणी सरकलं नाही (कुणी दुसरा कपही मागितला नाही). विहिरीच्या पाण्यात नळाचं औषध मारलेलं पाणी मिसळून पाहिलं, तरी कुणी सरकलं नाही. पुन्हा नुसतं विहिरीचं वापरलं, की जागा रिकामी. मी घाबरलेलो नाही. फक्त त्या बाजूला पाठ करून उभा राहत नाही.

धंदा मात्र बरा चालला आहे. तेव्हा विहीर मला वापरू दे, एवढंच मागणं.

तुझा
हेमंत

ता. क. : पाड्यावर पोरांना जुलाब लागलेत, म्हणून सोमवारी ग्रामपंचायतीची माणसं सगळ्या विहिरींत टीसीएल पावडर, म्हणजे नळाच्या पाण्यातलंच औषध, टाकणार आहेत. नको म्हणता येत नाही; तिथल्या सरूची धाकटी पोर अजून सलाईनवर आहे. औषधाच्या पाण्यात आतोबा येत नाहीत. नंतर परत येतील की नाही, मला माहीत नाही. विहिरीचं मागणं राहू दे. हे पत्र पोस्टात न टाकता देवराम जीपवाल्याच्या हाती पाठवतोय. परतताना त्याच्याच जीपमध्ये बसून ये.

आणखी एक : कॉफीवाला असून मी कॉफी पीत नाही, पित्त होतं. आज प्यालो. आत्या, ते खरंच बसलेत. मला भीती नाही वाटली, रडू आलं. "पोशी कवा येल?" एवढंच विचारलं त्यांनी. मी रविवार सांगून बसलोय.