शेळ्या पाणी कुठे पितात

सर, तुमची वेताची छडी भिंतीवरच्या कापडी नकाशावर टेकायची, तो टक् असा आवाज मला अजून येतो. त्या दिवशी ती ग्रीसच्या एका डोंगराळ बेटावर टेकली होती. भूगोल तुम्ही कवितेच्या तासासारखा शिकवायचात. उन्हाळा कोरडाठाक, पाऊस हिवाळ्यात, खाली निळा समुद्र नि वर शिखरांवर बर्फ. मी निबंधात त्या बेटावर नारळाची बाग लावली. "गाढवा, बेट दिसलं की नारळ लावतोस?" वर्ग हसला. मी चिडून म्हणालो, "तुम्ही तरी कुठे पाहिलंय, सर?" तुम्ही छडी खाली ठेवलीत. "नाही पाहिलं रे. तुला दिसलं तर कळव." मग तास संपेपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

मलाही ते दिसलेलं नाही. पण इथे न्यूझीलंडात, अप्पर हट गावी, मुलाच्या घराच्या कुंपणापलीकडे, त्याच बेटावरचा माणूस राहतो. माझ्याच वयाचा. रोज सकाळी मी विचारतो, तो टोमॅटोला पाणी घालत सांगतो. तिकडे ऊन दक्षिणेच्या उतारावर, म्हणून ऑलिव्ह तिथे. उत्तरेला गारवा, तिथे चेस्टनटची झाडं. इथे मात्र ऊन उत्तरेकडून येतं. "आई इथेही शेवटपर्यंत दक्षिणेच्या, चुकीच्या खिडकीशी बसायची," म्हणाला. बदाम फुलतो तेव्हा वर बर्फ असतो, आणि भर उन्हाळ्यात उत्तरेचा वारा दिवसच्या दिवस थांबत नाही. तुमचं एकही वाक्य चुकलं नव्हतं, सर. नात म्हणते, "आजोबा, जस्ट गूगल इट." पण त्या डोंगराला वास कसला येतो, हे तिथे कुठे सापडणार? त्यानं वाफ्यातलं एक पान चुरडून माझ्या नाकाशी धरलं. ओवा, सर. थेट ओवा.

सोमवारी मी विचारलं, उन्हाळ्यात ओढे आटतात, मग शेळ्या पाणी कुठे पितात? तो पाणी घालतच राहिला. मी बोलून गेलो, "तुम्ही पाहिलंय ना?" त्यानं नळ बंद केला. "निघालो तेव्हा सहा वर्षांचा होतो. बाकी सगळं आईनं सांगितलेलं." आणि आत गेला. चार दिवस झाले, बाहेर आलेला नाही. टोमॅटो माना टाकून उभे आहेत. काल मी कुंपणावरून पाईप धरला, पण दार वाजवायचा धीर झाला नाही.

तुमच्याही दारी नाहीच झाला. नोकरी लागल्यावर गावी आलो होतो, वर्गातल्या त्या प्रश्नाची माफी मागायची असं ठरवून. आतून तुमचा खोकला ऐकू आला आणि मी सायकल तशीच पुढे नेली. हे कुणाला सांगितलेलं नाही.

बेल वाजली. थांबा हं, सर.

तोच आलाय. त्याच्या दंडाला धरून काळ्या कपड्यांतली एक वाकलेली बाई. "थोरली बहीण," तो म्हणाला. "ऑकलंडला असते, आगगाडीनं घेऊन आलो. शेळ्या हिनं राखल्यात. हिला विचारा."

त्यांना बसवून वही घ्यायला आत आलोय.