दीड पायरी

४ फेब्रुवारी

सिद्ध करायचे ते असे : माझ्या धाकट्या भावाचा आवाज आता रॉक गाण्यालायक राहिलेला नाही, आणि चोवीस तारखेच्या कार्यक्रमात त्याने गाऊ नये.

निष्कर्ष आधी लिहिला म्हणून माझ्या विद्यार्थ्यांनी हरकत घेतली असती. पण हे गृहीतक आहे, निकाल नव्हे. पुरावा उलटा गेला तर खोडीन.

प्रश्न त्याचाच. काल संध्याकाळी आला तो बूट न काढता दारातच उभा. "ताई, बँडला पन्नास वर्षं होतायत. मी गाऊ की नको, ते तू सांग. बाकीचे सगळे माझ्यावर प्रेम करतात, त्यांचा काही उपयोग नाही."

म्हटले, ऐकून सांगेन. तो म्हणाला, "तू सांगशील ते शेवटचं."

हे थट्टेत म्हणाला नाही. एकोणसत्तर वर्षांचा माणूस. माझे उत्तर 'नको' आले तर गाणे सुटेल, आणि त्याला दुसरे काहीच करता येत नाही — स्वतःचा चहासुद्धा नाही!

माझी पात्रता : पन्नास वर्षे हा आवाज ऐकते आहे. मागल्याच महिन्यात कान तपासून घेतले, पंचाहत्तरीला शोभतील त्याहून बरे आहेत. खोटी स्तुती करण्याची सवय नाही.

५ फेब्रुवारी

पद्धत. एकच गाणे घ्यायचे, म्हणजे तुलना न्याय्य राहील. 'मी इथेच आहे' — ज्याने तो नावारूपाला आला आणि ज्याने प्रत्येक कार्यक्रम संपतो. शेवटच्या 'आहे'तला 'आ' तो लांबवतो. लोक म्हणे त्याचसाठी येतात.

पुरावे चार. बाविसाव्या वर्षीची रेकॉर्ड. एकतिसाव्या आणि सेहेचाळिसाव्या वर्षीच्या कार्यक्रमांच्या टेप. आणि गेल्या महिन्यातला सराव. धाकट्याची मुलगी सगळे घेऊन आली. स्वर मोजणारे काहीतरी तिने माझ्या फोनमध्ये घालून दिले. कीबोर्डाच्या एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत जे अंतर, त्याला मी इथे पायरी म्हणेन.

जाताना भाची म्हणाली, "आत्या, हे बाबांचं गाणं आहे. उत्तरपत्रिका नाही."

उत्तरपत्रिकेवर नाव झाकलेले असते. तेवढाच फरक.

७ फेब्रुवारी

दोन सकाळी ऐकण्यात गेल्या. परीक्षेच्या वेळचे थांबघड्याळ कपाटातून काढले. अजून बिनचूक चालते.

रेकॉर्ड : आवाज उंच, हलका, पोरसवदा. अंगावर काही ओझेच नसल्यासारखा. गाणे तीन मिनिटे अठ्ठावन्न सेकंद. शेवटचा 'आ' अकरा सेकंद — सरळ, न हलता.

एकतीस : रेकॉर्डपेक्षाही अर्धी पायरी वर! गिटारीही तितक्याच वर, म्हणजे ठरवून चढवलेले. तरुणपणाची मिजास. सेहेचाळीस : रेकॉर्डच्या अर्धी पायरी खाली, 'आ' नऊ सेकंद.

आणि आता. रेकॉर्डपेक्षा दीड पायरी खाली. गाण्याला चार मिनिटे एकवीस सेकंद लागतात, म्हणजे लयही म्हातारी झाली. 'आ' सहा सेकंदांत तुटतो. स्वराला कंप आहे, कडेला खरखर आहे. गळ्याच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी त्याला सांगितलेच होते, "तारा ताठरल्यात. पण खरं म्हणजे श्वासाचा भाता लहान झालाय."

उतार स्पष्ट आहे. मला आनंद झालेला नाही.

८ फेब्रुवारी

एक गोष्ट बसत नाही. बाकी तिन्ही ध्वनिमुद्रणे कुठल्या ना कुठल्या पट्टीवर चोख आहेत. रेकॉर्ड मात्र दोन पट्ट्यांच्या मधोमध पडते. कोणताही बँड वाद्ये अशी लावणार नाही. रेकॉर्डिस्ट हयात आहेत, ऐंशी उलटलेली. भाचीकडून पत्ता घेऊन पत्र टाकले.

१० फेब्रुवारी

सरावाचे ध्वनिमुद्रण आज पुन्हा ऐकले. मोजायला नाही. म्हणजे बसले होते मोजायलाच, पण घड्याळ बाजूला राहिले.

हा माणूस काय करतो आहे!

पूर्वी तो श्वास ओळ संपल्यावर घेई, उघड, पोहणाऱ्यासारखा. आता 'मी'नंतर घेतो, नेमका ड्रमचा ठोका पडतो त्याच्या आड. ही चोरी पकडायला मला सात वेळा ऐकावे लागले. दुसऱ्या कडव्यातली सगळ्यात उंच जागा तो गिटारवाल्याला देऊन टाकतो आणि स्वतः खालून साथ करतो — जणू गाण्याची रचना पहिल्यापासून अशीच होती. उंच शब्द पूर्वी भिरकावत असे, आता ठेवतो. खरखर लपवत नाही. एका ठरावीक शब्दावर मुद्दाम वाढवतो, म्हणजे इतरत्र आली तर तीही ठरवलेलीच वाटावी. ही तर शुद्ध वकिली आहे. आणि शेवटी, सहा सेकंदांनी 'आ' तुटला, की दोन ठोके गप्प राहतो. मग 'हे' हे अक्षर गात नाही. नुसते बोलतो.

आयुष्यभर मुद्दे बांधायला शिकवले. इतका घट्ट बांधलेला मुद्दा माझ्या वर्गात कोणी मांडल्याचे आठवत नाही.

तरीही. कारागिरी सिद्ध झाली म्हणून आवाज सिद्ध होत नाही. झाकण सुंदर आहे, पण ते कशावर तरी घातलेले आहे. त्याने झाकणाबद्दल विचारले नव्हते.

११ फेब्रुवारी

रेकॉर्डिस्टचे उत्तर नाही. कार्यक्रमाला तेराच दिवस उरले, आणखी ताटकळत ठेवणे क्रूरपणाचे झाले असते. गेले. त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आकडे मांडले. कारागिरीबद्दलही सांगितले, पूर्ण, काही हातचे न राखता. मग निष्कर्ष : थांब.

त्याने आकड्यांवरून बोट फिरवले. "दीड पायरी," एवढेच म्हणाला. मग हसला. "ताई, तू माझ्या श्वासाची चोरी पकडलीस? लंबू इतकी वर्षं शेजारी गिटार वाजवतोय, त्याला अजून कळलेली नाही."

"तू वाद घालू शकतोस," मी म्हटले.

"तुझ्याशी? बाबांना जमलं नाही ते मला जमणार?"

ठरले असे : कार्यक्रम होईल, तो कडेला बसून गिटार वाजवील, गाणी दुसरे गातील. मला दाराशी सोडायला आला. जिना उतरताना मागून काही गुणगुण ऐकू येईल म्हणून थांबले. नाही आली.

१२ फेब्रुवारी

सकाळी लंबूचा फोन. बँडचा गिटारवाला, धाकट्याचा शाळेपासूनचा मित्र, सहा फूट तीन इंच आणि तेवढाच रागीट. "ताई, तुमच्याबद्दल आदर आहे म्हणून शिव्या गिळतोय. एकच विचारतो. पन्नास वर्षांत एकदा तरी आलात का हो आमचं ऐकायला? एकदा?"

गर्दी आणि गोंगाट मला सोसत नाही. रेकॉर्ड घरी होती. शिवाय हा आक्षेप व्यक्तीवर आहे, युक्तिवादावर नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यातच तो बाद होतो.

बाद केला.

१५ फेब्रुवारी

दुपारी रेकॉर्डिस्टांचा फोन. आवाज कापरा, स्मरण लख्ख.

"बाई, तुमचं पत्र वाचून बायकोला म्हटलं, सत्तेचाळीस वर्षांनी पोलीस आले!" मग खोकला, मग हसणे. "रेकॉर्ड मधोमध पडते, बरोबर पकडलंत. कंपनीच्या साहेबांना गाणं चार मिनिटांच्या आत हवं होतं. रेडिओवाले त्यावरचं लावत नसत. पोरगा म्हणाला, एक शब्द कापणार नाही. साहेब म्हणाले, मग टेप पळवा. मी पळवली. टेप जोरात फिरली की वेळ वाचतो, पण सूर चढतो. आवाजही कोवळा होतो. लोकांना तोच आवडला, आता काय सांगायचं?"

"किती चढला?" मी विचारले. उत्तर मला कळले होते, तरी विचारले.

"दीड पायरी असेल, बाई. थोडं इकडेतिकडे."

१६ फेब्रुवारी

भाचीने रेकॉर्डचा वेग उतरवून दिला. चार मिनिटे वीस सेकंद. पट्टी : गेल्या महिन्यातल्या सरावाची जी, तीच. तंतोतंत.

आणि आवाज! हलका नाही, पोरसवदा नाही. जडसर, थोडा भ्यालेला, प्रत्येक शब्द हाताने उचलून पुढे ठेवणारा. पुढच्या खोलीतून भाची ओरडली, "आत्या, सराव परत लावलास का?"

ज्याच्यापासून मी त्याचा उतार मोजला तो मुलगा कधी अस्तित्वातच नव्हता. तो यंत्राने बनवला होता. धाकटा आज गातो ते बाविसाव्या वर्षी गायला त्याच पट्टीत, त्याच लयीत.

दुरुस्ती त्याच्या विरुद्धही जाते, तेही नोंदवते : वेग उतरवल्यावर तेव्हाचा 'आ' अकरा नव्हे, बारा सेकंदांचा निघतो. म्हणजे भाता मी समजत होते त्याहून एक सेकंद जास्त आटला आहे. कंप खरा, खरखर खरी. पण पट्टी गेली, लय गेली, कोवळेपणा गेला, हे तिन्ही मुद्दे कोसळतात. त्यांच्यावरच निष्कर्ष उभा होता.

पत्राचे उत्तर येण्याआधी निकाल दिला. मी!

१७ फेब्रुवारी

सरावाच्या जागी गेले. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेली लांबट खोली, जमिनीवर वायरींचे जाळे. मधल्या माइकसमोर कोणी नव्हते. बिनगाण्याचा सराव चालला होता. धाकटा कोपऱ्यात गिटार घेऊन, शिक्षा झालेल्या मुलासारखा. मला पाहून लंबूने वाजवणे थांबवले. "या. जागा धरून ठेवली होती, फक्त पन्नास वर्षं."

मी उभ्यानेच सगळे मांडले. टेपचा वेग, दीड पायरी, माझा निष्कर्ष रद्द. धाकटा खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "माहीत आहे गं, ताई."

"काय माहीत आहे?"

"टेप पळवली ते. मी तिथेच होतो. लंबूपण होता. आम्ही दोघं बाहेर येऊन रडलो होतो."

"तू रडला होतास," लंबू म्हणाला. "मला सर्दी होती."

मला राग आवरेना. "पुरावा दडवलास!"

"तू रेकॉर्ड मागितलीस, रेकॉर्ड दिली. बाकी काही विचारलंच नाहीस." मग गिटारच्या तारेवर अंगठा घासत, "लोक ती ऐकून यायचे ना. त्यांना तो मुलगा हवा असायचा. मधोमध तर वाजवता येत नाही. खालची पट्टी धरली असती तर म्हणाले असते, उतरला. म्हणून वरची धरली. मग मी तो मुलगा झालो. पंधराएक वर्षं, रोज. गळा सोलून निघायचा."

म्हणजे एकतिसाव्या वर्षीची ती मिजास नव्हती. यंत्राने त्याच्या नावावर खपवलेली उंची तो स्वतःच्या गळ्याने खरी करत होता. दीड नव्हे, दोन पायऱ्या! मग एकेक करून उतरला आणि आपल्या घरी आला. आणि मी त्याला उतार म्हटले.

"मग मी थांब म्हटल्यावर थांबलास कशाला?"

"तू पंचवीस वर्षांची होतीस. बाबांसमोर उभी राहून म्हणालीस, याला गाऊ द्या. तेव्हा मी तुझी उलटतपासणी घेतली होती का? तुझ्या एका शब्दावर सुरू केलं. तुझ्या एका शब्दावर थांबवलं. हिशेब सरळ आहे."

म्हटले, "शब्द मागे घेते. गा."

"सहा सेकंदच उरलेत, ताई."

"मोजलेत मी. पुरेत."

लंबू माइककडे बोट दाखवून ओरडला, "ऐकलंस ना? ऊठ!" मी लगेच निघाले. सराव ऐकणे म्हणजे प्रश्नपत्रिका आधी पाहणे.

२४ फेब्रुवारी

चार वाजता भाची न्यायला येणार. थांबघड्याळ पिशवीत घातले आहे. कानांसाठी कापूसही घातला होता, काढून ठेवला.

२५ फेब्रुवारी

तो गायला. शेवटच्या 'आ'ला मी घड्याळ सुरू केले. आवाज तुटला आणि ते दोन ठोके आले. तीन हजार माणसे, एकाचाही श्वास ऐकू येईना. माझाही नाही. मग तो 'हे' म्हणाला, समोरच्या एकाच माणसाला सांगावे तसा. आज सकाळी पिशवी उघडली तर घड्याळ चालूच होते. थांबवायचे राहून गेले.

कबुली. चार तारखेच्या नोंदीत, माझी पात्रता सांगताना, 'पन्नास वर्षे हा आवाज ऐकते आहे' असे लिहिले आहे. ते विधान असत्य आहे. मी ऐकत होते ती रेकॉर्ड. आवाज काल ऐकला, पहिल्यांदा. लंबूचा आक्षेप युक्तिवादावरच होता. तो मान्य.

सही —
त्याची ताई