मागची सीट

॥ श्री ॥
नानाखेडा, उज्जैन
२९ ऑगस्ट १९९९

तीर्थस्वरूप जयंतमामांस,
रुचिरचा शि. सा. न. वि. वि.

मामा, लायसन मिळालं! मैदानात आठचा आकडा काढायला लावला. पाय न टेकवता काढला, तर इन्स्पेक्टर फक्त चलो, ठीक है म्हणाले. मला वाटलं होतं, शाबासकी तरी देतील.

आता गाडी कोणती घ्यायची यावर घरात रोज सभा भरते. बाबा म्हणतात, शंभर सीसीची घे, पेट्रोल कमी पिते. माझा जीव बुलेटवर आहे. आणि माधव नगरच्या शोरूममध्ये दीडशे सीसीची एक नवी आली आहे, पुढे डिस्क ब्रेक, इंजिन सगळं उघडं, बघतच राहावं अशी. तुम्ही पुण्यात सगळ्या प्रकारच्या गाड्या चालवल्यात, तुम्हीच सांगा.

आणखी एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगतो. आमच्या मागच्या गल्लीतल्या श्रीनाथकाकांची अश्विनी तुम्हाला आठवत असेल. शाळेत शिकवते, रोज टेम्पोत कोंबून जाते. मला तिला मागणी घालायची आहे. पण सायकलवरून जाऊन काय विचारू? गाडी आली की जाईन. म्हणून मागची सीट नीट बघून घ्यायची आहे.

मोठ्यांचा हात पाठीवर असू द्या.
आपला,
रुचिर


पुणे
८ सप्टेंबर १९९९

चि. रुचिर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गाडीपेक्षा पत्राचा शेवट जास्त आवडला. माईला, तुझ्या आईला, काही सांगत नाही, काळजी नसावी.

बुलेटचं खूळ तूर्त डोक्यातून काढ. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला. तू शिकलास त्याच्या उलटं. ऐनवेळी घाबरलास की ब्रेक समजून गिअर दाबशील. शंभर सीसीची बिचारी दोघांना घेऊन पुलाचा चढ चढताना धापा टाकेल. दीडशेची घे. पण इंजिन बंद ठेवून ती ढकलून बघ, स्टँडवर चढवून बघ, बसून दोन्ही पाय टेकतात का बघ. डिस्क ब्रेक हळूच दाबायचा, रेतीवर तर मुळीच नाही.

मागची सीट मात्र तू बघू नकोस, माईला ने. मागे बसणारीची सोय मागे बसणारीलाच कळते. आणि गाडी आल्यावर महिनाभर मागे कुणालाही बसवायचं नाही, हा माझा नियम. मागे माणूस बसलं की गाडीचा तोल बदलतो, नवशिक्याला ते झेपत नाही. माझ्या भाच्याने कुणाच्या लेकीला रस्त्यावर पाडलेलं मला चालणार नाही.

पत्रात ‘टेम्पोत कोंबून जाते’ लिहिलंस, हे असलं मराठी तिच्यासमोर बोलू नकोस.
सगळ्यांस आठवण सांग.
तुझा,
जयंतमामा


उज्जैन
२५ ऑक्टोबर १९९९

तीर्थस्वरूप जयंतमामांस,
शि. सा. न. वि. वि.

पितृपक्षात खरेदी नको म्हणून थांबलो आणि दसऱ्याला गाडी घरी आली. दीडशेचीच, काळी. शोरूममध्ये माई मागे एका बाजूला बसली, साडी गार्ड हाताने हलवून पाहिलं, पाय ठेवून पाहिला. मग म्हणाली, उंच मुलीचेही पाय नीट टेकतील. मामा, मी कुणाचंही नाव घेतलं नव्हतं!

संध्याकाळी अश्विनी सोनं द्यायला आली. आपट्याची पानं हातात ठेवली, गाडीच्या झेंडूच्या माळेला हात लावला आणि म्हणाली, एक चक्कर मारून आणतोस का? चावी हातात घेतलीच होती. पण तुमचा नियम आठवला. म्हटलं, महिना होऊ दे, मग तुलाच पहिली बसवतो. तिने माळेतलं एक फूल सरळ केलं, मग हसून गेली. सांगा, आहे की नाही तुमचा शहाणा भाचा!

आता रोज पहाटे देवास रोडवर एकटाच सराव करतो. महिना झाला की चिंतामण गणपतीला जाईन आणि तिथून थेट श्रीनाथकाकांकडे.

माया आहेच, ती वाढावी.
आपला,
रुचिर


पुणे
२ नोव्हेंबर १९९९

चि. रुचिर,
अ. उ. आ.

अरे गाढवा! नियम बसवण्याचा होता, बोलण्याचा नव्हता. मुलगी सणाच्या दिवशी आपणहून चक्कर मागते, ती काय गाडीसाठी? हे पत्र हातात पडेल तसा ऊठ आणि त्यांच्या घरी जा. सायकलने जा, पायी जा. दिवाळीची टपालाची गर्दी आहे, हे पत्र लवकर पोचावं एवढंच गणपतीला सांगतो.

जयंतमामा


उज्जैन
१४ डिसेंबर १९९९

तीर्थस्वरूप जयंतमामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र भाऊबीज झाल्यावर मिळालं. पाडव्याला इंदूरचे लोक अश्विनीला बघून गेले होते, आणि त्याच दिवशी श्रीनाथकाकांनी होकार दिला होता. पेढे द्यायला तेच आले. मी एक खाल्लासुद्धा. इतके दिवस तुम्हाला काय लिहू ते कळत नव्हतं.

रविवारी लग्न झालं. सकाळी माधव नगरच्या पार्लरमधून नवरीला आणायची होती, तर जीप काही केल्या सुरू होईना. मुहूर्त जवळ आलेला, रिक्शा दिसेना. श्रीनाथकाका माझ्याकडे आले. म्हणाले, तू गाडी फार सांभाळून चालवतोस, तूच आण तिला, दुसऱ्या कुणावर भरवसा नाही.

मी आणली, मामा. शालू नेसून, मुंडावळ्या बांधून ती मागे बसली. माईने सांगितलं होतं तसे पाय बरोबर टेकले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुलावर म्हणाली, दसऱ्याला मला चक्कर नको होती, तुला काही विचारायचं होतं, घरी सगळ्यांसमोर कसं विचारणार? काय, ते मी विचारलं नाही. पुढे खड्डा होता, मी गाडी हळू केली. माझे डोळे इतके भरले होते की रस्ता दिसत नव्हता, तरी कार्यालयापर्यंत नीट नेली.

उतरताना म्हणाली, सीट छान आहे, ज्या मुलीसाठी घेतलीस तिला आवडेल.

तुमचा नियम चूक नव्हता, मनाला लावून घेऊ नका. मीच गाडी आणि मागणी, दोन गोष्टी एक करून बसलो. रात्री माईने माझं ताट वाढलं आणि शेजारी बसून राहिली. मला खूप रडू आलं.

गाडी तुम्ही फार चांगली सांगितलीत. मागे बसणाऱ्याला जरासुद्धा हिसका बसत नाही.

आता तुम्हीच या एकदा इकडे. स्टेशनवर घ्यायला मी येईन.
आपला,
रुचिर