तीन पायांची सवत

एलेंडेल,
मे महिना, रविवार

प्रिय टॅम्सिन,

बाबा ठीक आहे की नाही, एका शब्दात सांग, असं तू फोनवर विचारलंस. फोन आपल्या स्वयंपाकघरात, आणि तुझा बाबा त्याच टेबलाशी बसून भिंग पुसत होता. मी हवापाण्याचं काहीतरी बोलले आणि तू चिडून फोन ठेवलास. तुझं चिडणं रास्त होतं. त्याच्याआधी त्यानं तुला दोनदा विचारलं होतं, मेलबर्नला परत कधी जाणार, आणि तू तर मेलबर्नहूनच बोलत होतीस. त्याला यापुढे डोंगरावर एकट्यानं जाऊ द्यायचं की नाही, एवढाच तुझा प्रश्न आहे. उत्तर देते, पण ते एका शब्दात बसणारं नाही. शुक्रवारी काय झालं ते आधी वाच.

एप्रिलअखेरची अँझॅकची सुट्टी उलटली आणि वर डोंगरात फॅगसच्या झाडांची पानं पिवळी पडली की तुझ्या बाबाच्या अंगात येतं, हे तुला नव्यानं सांगायला नको. शुक्रवारी सकाळी बघते तर गाडीच्या मागच्या सीटवर माझी सवत, त्याचा तो जुना लाकडी ट्रायपॉड, आडवी झोपलेली, पट्टा बांधून. मला आजवर त्यानं कधी पट्टा बांधून दिला नाही. तू नाताळला पाठवलेला हलका ट्रायपॉड मात्र परसात उभा आहे, त्याच्यावर घेवडा चढवलाय. 'वाऱ्यात थरथरणाऱ्या वस्तूवर मी कॅमेरा ठेवत नाही' म्हणतो. घेवडा छान आला, एवढं तुझ्या समाधानासाठी.

वर लेक फेंटनच्या तळ्याशी पोचलो तर आधीच चार-पाच जणं ट्रायपॉड लावून उभी. अभयारण्याच्या चौकीवरची नेरिडा आम्हाला बघून हसली. 'आलात का क्लेमकाका? मला वाटलं, तुमची ती लाकडी घोडी यंदा म्हातारी झाली असेल.' तुझा बाबा म्हणाला, 'घोडी ठीक आहे गं, घोडेस्वाराचं बघ.' सगळे हसले, मीही हसले. सिडनीहून आलेल्या एका मुलानं आमच्या जुन्या पेटीवजा कॅमेऱ्याचा फोटो काढू का म्हणून विचारलं. तळ्याकडे पाठ करून त्यानं आमच्या कॅमेऱ्याचे इतके फोटो काढले, की तळं बिचारं ताटकळत राहिलं.

मांडामांड तुला पाठ आहे. एक पाय तळ्याकडे, दोन आपल्याकडे. पाय मातीत नाही, दगडावर, कारण ती काळी माती बघता बघता दबते. मधे पिशवी टांगून तिच्यात दगड. हे सगळं त्यानं नेहमीसारखं केलं, हात जरासुद्धा अडखळला नाही. मी वाऱ्याच्या बाजूला छत्री आडवी धरून उभी राहिले. तो काळ्या फडक्याखाली गेला, कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर उलटं दिसणारं तळं जुळवलं, बाहेर आला, फिल्मची चौकट मागून सरकवली. शटरची केबल दाबली आणि सेकंद मोजायला लागला. शटर उघडं असताना आपल्या घरात कोणी बोलत नाही, हलत नाही. तू लहानपणी नाक दाबून शिंक परतवायचीस.

तो मोजत होता आणि मी त्याचा डावा हात बघत होते. फिल्मपुढची काळी पाटी ओढून काढली की ती त्या हातात असते, नाहीतर दातांत. त्या दिवशी हात मोकळा होता. दातांतही काही नव्हतं. पाटी आतच होती, म्हणजे फिल्मपर्यंत उजेड पोचतच नव्हता, आणि तो मात्र जीव लावून आकडे मोजत होता. घाईत असलं होतं कधीकधी, पाटी काढायची राहते. नवशिक्यांची तर हमखास. त्याची राहिलेली मी कधी पाहिली नव्हती.

मी गप्प राहिले. नियमापायी नाही, टॅम्सिन. बोलले असते तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडून बाहेर पडलं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. मला भीती वाटली. छत्री घट्ट धरून मी तळ्याकडे बघत राहिले.

मोजून झालं. पाटी परत घालायला त्यानं हात उचलला आणि त्या रिकाम्या हाताकडे बघत राहिला. मग अगदी शांतपणे म्हणाला, 'एव्हरिल, पाटी आतच राहिली ना?' मी हो म्हटलं. 'बोलली का नाहीस?' 'शटर उघडं होतं.' 'खोटारडी,' तो म्हणाला, आणि दगडावर बसून त्यानं डबा उघडला. अंड्याचं सँडविच अर्धं मला दिलं. खाता खाता सांगितलं, की उन्हाळ्यापासून धुवून काढलेल्या फिल्मा पारदर्शक निघतायत, एकावर एक, एक रेघ नाही त्यांच्यावर. फिल्म खराब दिली म्हणून त्यानं होबार्टच्या दुकानदाराला फोन करून झापलं होतं. 'त्या माणसाची माफी मागायला हवी,' म्हणाला. 'मला वाटतं मला तेव्हाच कळलं होतं. कळलं आणि परत निसटलं.' मी त्याला चहा ओतून दिला. दुसरं काय करणार होते?

चारच्या सुमाराला ढग जरा फाकले आणि पलीकडचा उतार उजळला. बाकीची मंडळी धावली. तुझा बाबा उठला, ट्रायपॉडच्या पायांचे स्क्रू सैल करायला लागला. मला वाटलं, आवरतोय. त्याला म्हटलंही, एवढा उजेड आलाय तर थांब की. पण पाय पूर्ण मिटले नाहीत. त्यानं प्रत्येक पाय थोडा थोडा आत घेतला, मला हाताला धरून कॅमेऱ्यामागे उभं केलं, माझ्या डोळ्यांशी काच आली तसे स्क्रू आवळले. खिशातून पेन्सिल काढून तिन्ही पायांवर खूण केली. 'उजेड मी बघतो,' म्हणाला. 'पाटी तू ओढ.' छत्री त्यानं घेतली आणि वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

इतकी वर्षं त्या फडक्याखाली डोकावले, ते टाचा उंचावून. सरळ उभं राहून परवा पहिल्यांदा बघितलं. उतार डोक्यावर, आभाळ पायाशी, आणि सगळीकडे ती पिवळी पानं. छान दिसत होतं, टॅम्सिन. मी पाटी ओढली आणि दातांत धरली, त्यामुळे मला हसता येईना आणि रडताही. 'आता,' तो म्हणाला, आणि मी केबल दाबली. मोजलं त्यानंच. काल फिल्म धुतली. थोडी काळपट झालीय, पण तळं आहे तिच्यात.

तर तुझं उत्तर. नाही, तो ठीक नाही, आणि एकटा आता कुठेही जाणार नाही. गुरुवारी डॉक्टरांकडे जातोय. मी हे आणखी महिनाभर तुझ्यापासून लपवलं असतं, खरं तेच सांगते. पण परतताना गाडीत तो म्हणाला, 'टॅम्सिनला लिही. फोन नको, कागदावर लिही. आज मला ठाऊक आहे की माझं बिघडतंय. उद्या मी नाकारीन, तुझ्यावर ओरडेन, आईच मला वेडा ठरवतेय म्हणून पोरीला सांगेन. तेव्हा तिनं माझं ऐकायचं नाही. तुझं ऐकायचं.' म्हणून लिहिलं. आता त्याला वाचायला देते आणि मग पाकीट बंद करते.

तुझीच,
आई

वाचलं. बरोबर आहे.
— बाबा